हातचा अर्धा

सकाळी तू पाणी बंद केलंस तेव्हा
नळानं एकदा घसा खाकरला, मग गप्प.
बाहेर डलूथचा मार्च, गुडघाभर बर्फ,
आणि दारात भाड्यानं आणलेला लोखंडी कचराडबा,
एवढा मोठा, की समोरच्या मिसेस हाल्व्होरसननी
पडदा सारून नुसत्या हातानंच विचारलं :
घर सोडताय?

नाही हो. ओटा काढतोय फक्त.
तुझ्या बहिणीचा ड्रिल, शेजारून आणलेली पहार,
आणि वाचनालयाचं एक पुस्तक, ज्यातली जोडपी
पांढऱ्याशुभ्र शर्टात करवत धरून हसतात.

पहिला घाव कुणी घालायचा
यावर आपण उगाच सभ्य झालो.
तू घाल. नको, तूच घाल.
चौदा वर्षांत इतक्या अदबीनं
आपण एकमेकांना मीठसुद्धा दिलं नव्हतं.

मग एकदा सुरू झालं की झालं.
वरची कपाटं किंचाळत निघाली, खिळ्यांसकट.
लिनोलियमखाली लिनोलियम, त्याखाली अजून एक,
हिरवं, मग विटकरी, मग काळे-पांढरे चौकोन
ज्यांवर कुणीतरी कधीतरी पाय आपटला असणार.
शेगडीमागे सापडली बटाट्याची सोलणी,
जी माझ्या आईनं नेली असं तू
थँक्सगिव्हिंगला सगळ्यांदेखत म्हणाला होतास.
तू ती पुसलीस. खिशात ठेवलीस.
मी काही बोलले नाही. बोलायचं राखून ठेवलं.

आणि मग तो ड्रॉवर.
सिंकच्या डावीकडचा, चमच्यांचा,
जो कधीच सरळ उघडला नाही.
आधी वर उचलायचा, मग हिसका, मग कमरेनं धक्का.
मी म्हणायचे, तूच बिघडवलास रूळ बदलताना.
तू म्हणायचास, तूच आदळतेस.
एका ख्रिसमसला तर यावरून
तू गाडीत जाऊन बसलास, इंजिन चालू करून,
कुठेही न जाता.

कपाट भिंतीपासून सुटलं
आणि मागच्या प्लास्टरवर पेन्सिल.
सुताराची जाड, सपाट पेन्सिल, अजून चमकणारी.
छत्तीस अधिक साडेसतरा
बरोबर चोपन्न.
खाली दुहेरी रेघ, मोठ्या आत्मविश्वासानं.
आणि त्याखाली दुसऱ्याच हातानं, बारीक, तिरकं :
साडेत्रेपन्न, क्लिफर्ड. सांगितलं होतं. — व्हर्ना.

तू पहार टेकून उभा राहिलास.
मीही. धूळ खाली बसत होती.
घराच्या कागदांवर वाचून विसरलेली दोन नावं.
त्यांनीही हे स्वतःच केलं होतं तर,
याच जागी, असाच पाठीला बाक देऊन.
त्यानं ऐकलं नाही. तिनं लिहून ठेवलं
आणि वरून कपाट ठोकू दिलं.
का दिलं, आर्वो? थकली असेल? की हसली असेल?
त्यांचा हातचा अर्धा इंच
आपण इतकी वर्षं फेडत होतो.

तू म्हणालास, म्हणजे आपण दोघंही नव्हतो.
मी म्हटलं, तू जरा होतास.

रात्री इस्त्रीच्या टेबलावर डब्यातलं सूप.
वाडगे न्हाणीघरातल्या टबात विसळले,
तू टबाच्या कडेवर बसून, मी गुडघ्यांवर.
तुझ्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या प्लास्टरनं,
वीस वर्षांनंतरचा तू क्षणभर
मला फुकटात दिसलास. वाईट नव्हता.

मग टेप घेऊन परत आलो.
तू आकडे ओरडत गेलास, मी भिंतीवर लिहीत गेले.
प्रत्येक आकडा मी दोनदा विचारला.
दोनदा विचारते म्हणून तू चिडलास.
चिडलास तेही मी लिहिलं, बारीक, तिरकं,
जिथे नवं कपाट येईल त्याच्या बरोब्बर मागे.

झोपण्याआधी औषधाला चमचा हवा होता.
अंधारात गेले, हात आपोआप
वर उचलला, हिसका दिला,
आणि कमरेचा धक्का
सरळ हवेला लागला.