चित्र. नाव नाही.

नगरपालिकेच्या खोली नंबर चारमध्ये माझी खुर्ची.
पंखा स्कॅनरच्या तोंडावर,
कारण पारोळ्याच्या मे महिन्यात
मशीन तापतं. माणसाचं काय.

पाण्याचं वेळापत्रक असं निघतं:
सोनार साहेब हातानं लिहितात,
वर गोल शिक्का, खाली तिरकी सही,
मी स्कॅन करून साइटवर चढवतो.
सात वर्षं. कुणाची तक्रार नाही.
म्हणजे ज्यांना वाचता येत नव्हतं
त्यांना तक्रारीचा फॉर्मही सापडला नसणार.

कौतिकाबाई बडगुजर भिंतीला हात लावत आली,
दुसऱ्या हातात फोन, पदरात गुंडाळलेला.
"भाऊ, बिबड्यासनी ज्वारी भिजाडनी शे,
तीन दिननी. मंग धवाले पानी लागस.
पानी कोनता दिन येई?"
साइटवर आहे की, मी म्हणालो.
"तेच ते," म्हणत तिनं फोन टेबलावर ठेवला.

फोन बोलू लागला, घाईघाईनं:
बटण. बटण. नाव नसलेलं बटण.
येथे क्लिक करा. येथे क्लिक करा.
चित्र.
आणि गप्प.

"कसानं चित्र, भाऊ?
माले दिसस नही, पन आयकू येस ना."

नऊ दिवसांनी एकदा येणारं पाणी
मी फोटोत भरून ठेवलं होतं,
वर झाकण घट्ट.

शिपाई म्हणाला, मावशी, मंगळवार, पहाटे पाच. जा आता.
ती हलली नाही.
"आज तुम्ही सांगं. पुढला टाइमले?"

मग मी टाइप करायला बसलो.
पहिल्या खेपेला फोन म्हणाला:
प्रभाग तीन चार पाच मंगळवार मंगळवार बुधवार पाच सात पाच.
ती हसली. "हाई ते दायमा खडा."
पुन्हा रकाने मोडले, ओळी बांधल्या.
प्रभाग चार. मंगळवार. पहाटे पाच.
तिनं मान हलवली, बोटावर दिवस मोजले.

ती गेल्यावर मी डोळे मिटून
माझीच साइट ऐकली.
माझ्याच घरात उंबऱ्याला ठेचकाळलो
चार वेळा.

सगळ्यात वर नव्या टाकीच्या जलपूजनाचा फोटो.
काय लिहायचं त्याच्यासाठी?
सात वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिला.
लिहिलं: चौदा माणसं, नऊ फेटे, एक नारळ.
सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत.
नळ दिसत नाही.

साहेबांनी अजून वाचलेलं नाही.
त्यांना फोटो दिसतो.
प्रभाग चारमध्ये मात्र, म्हणे, ऐकून
बिबडे थापता थापता बाया हसल्या.

उरलेल्या फायली एकशे बारा.
पंखा आता माझ्याकडे फिरवलाय.