दोन मिनिटं चाळीस सेकंद

रबाळ्याच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यामागे,
दुसऱ्या मजल्यावर
मी जंतूंच्या चिठ्ठ्या मोजते.
चिठ्ठ्या म्हणजे आरएनए.
मूळ दप्तर जागचं हलत नाही,
त्यातली एक ओळ उतरवून घ्यायची,
प्रथिनं जुळवणाऱ्यांच्या हाती द्यायची,
आणि काम मार्गी लागतंय न लागतंय तोच
फाडायची.

रिफाम्पिसिन टाकलं की नवं लिहिणं थांबतं.
मग फक्त घड्याळ.
शून्य. दोन. चार. आठ.
दर वेळी एक मिलिलिटर, थेट बर्फात.
ग्लोव्ह्ज एकावर एक दोन,
कारण माझ्या घामातसुद्धा फाडणारे आहेत.
तांडेल सर म्हणतात, "हर्षाली, नळी उघडताना
बोलायचं नाही, खोकायचं नाही, कुणाची आठवणही काढायची नाही."

दुधातल्या साखरेच्या चिठ्ठीचं अर्धायुष्य
दोन मिनिटं चाळीस सेकंद.
तेवढ्यात आमच्याकडे कॅन्टीनचा चहा उकळत नाही.

फाडण्यालाही रीत आहे.
आधी डोक्यावरचे दोन फॉस्फेट उतरवतात,
मग आरएनेज-ई मध्येच कुठेतरी कापतो
आणि शेपटीकडून कुरतडत येणारे बाकीचं आटोपतात.
शेपटी म्हणजे नुसतं अ अ अ अ.
आपल्या पेशीत ती चिठ्ठीला जपते,
यांच्यात ती चिकटली
की समजायचं, बोलावणं आलं.

लोह कमी पडलं की
एक नव्वद अक्षरांची चिठ्ठी निघते.
तिच्यात कुठल्याच प्रथिनाची कृती नसते.
लोह उधळणाऱ्या चिठ्ठीला ती जाऊन बिलगते
आणि दोघी मिळून फाटतात.
काटकसर म्हणजे इथपर्यंत.

घणसोलीला बाबांची पत्र्याची पेटी.
भूसंपादनाची नोटीस, नोटिशीची झेरॉक्स,
झेरॉक्सची झेरॉक्स, सात-बारा,
साडेबारा टक्क्यांच्या अर्जाच्या पोचपावत्या,
आणि खाजणाच्या बांधावर
कुणी किती पाट्या चिखल टाकला त्याची वही,
ज्यातले निम्मे लोक आता नाहीत
आणि बांध तर मुळीच नाही.
तरी उधाणाच्या दिवशी बाबा पहाटे उठतात.
उघाडी बघून येतो म्हणतात.
सोसायटीच्या गेटपाशी वॉचमन त्यांना खुर्ची देतो.

फ्रीजरमध्ये एक वाण आहे,
त्याचा आरएनेज-ई बिघडलेला.
तीस अंशाला मजेत असतो.
चव्वेचाळीसला नेला की चिठ्ठ्या फाटेनाशा होतात.
साखर कधीच संपलेली,
पण साखर फोडायची आज्ञा तशीच पडून,
तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी.
मग वाढ थांबते.
मी त्याला मनात एक नाव दिलंय,
वहीत फक्त क्रमांक आहे.

काल जेलवर पाहिलं, आठव्या मिनिटाला
माझी चिठ्ठी पुसून गेलेली,
पण वर दोन जाड पट्टे जसेच्या तसे.
ते यंत्राचंच अंग, आरएनएचंच घडलेलं,
त्याला सहसा कुणी हात लावत नाही.
कशाला हात लावायचा आणि कशाला नाही
हे त्या सुईच्या टोकाहून लहान जिवाला
कोण सांगतं, मला अजून नीट कळलेलं नाही.
सरांनाही नाही. ते तसं म्हणतात, म्हणून ते सर.

रात्री बाबांनी विचारलं,
"फारलेल्या कागदांचा काय करता?"
म्हटलं, अक्षरं सुटी होतात,
त्याच अक्षरांची पुढची चिठ्ठी लिहितात.
ते बराच वेळ पेटीकडे बघत राहिले.
"मंग फारला कवा?"

मला उत्तर आलं नाही.
त्यांनी झेरॉक्सची झेरॉक्स काढली,
उलटी केली, पेन झटकलं
आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं:
उद्याची भरती, दुपारी एक चाळीस.