अर्धे बाण

राजूरच्या चुनाभट्टीवर माझा बाप
एक थर कोळसा, एक थर दगड असं रचत जातो.
भट्टीचं तोंड वर उघडंच.
जे निघतं ते वणीच्या रस्त्यानं निघून जातं,
कोणाला न विचारता.

उरकुडे सरांनी अकरावीच्या फळ्यावर
तोच दगड लिहिला खडूनं
(खडू मात्र जिप्समचा, असं तेच म्हणाले)
आणि मध्ये एक बाण नाही, दोन काढले.
अर्ध्या टोकाचे, एकावर एक,
एक जाणारा, एक येणारा.

भांडं बंद असेल तर, सर म्हणाले,
दगड फुटून चुना होतो, वायू सुटतो,
आणि वायूला जायला जागा नाही म्हणून
तो चुन्यालाच धरतो. पुन्हा दगड.
आधी जाणंच जास्त. मग येणं वाढत जातं.
मग एक वेळ अशी येते
की जितकं फुटतं तितकंच जुळतं.

"म्हणजे थांबते, सर?" टेकामच्या पवननं विचारलं.
"थांबत नाही. थांबल्यासारखं दिसते."

मला वणीचा रविवारचा बाजार दिसला.
अकरा वाजता जितके शिरतात तितके निघतात,
गर्दी तीच, माणसं ती नाहीत.
आणि कांद्याच्या ओळीत रेटारेटी,
चपलांच्या ओळीत चार जण.
सारखा असतो तो वेग, माणसं नाहीत.
हे मी वहीत लिहिलं आणि खोडलं.
पेपरात बाजार चालत नाही.

आच वाढवली की तोल चुन्याकडे सरकतो,
दिलेली आच जणू खाऊन टाकायला बघतो.
वायू काढून घेतला, तरी तिकडेच.
दोन मार्क.

रात्री बापाला सांगितलं.
तो हाताच्या भेगांत जवसाचं तेल भरत होता.
"वरचं तोंड कोंडलं का
गोटी मधातून कच्चीच राह्यते.
फोडली का दगडच. परत भट्टीत टाका लागते.
सतरा वर्षं झाले, मले माहीत हाय.
बाण तेवढे तुह्या सरानं काढले."

मी म्हटलं, आणि येणारा बाण?
तो हसला. "तो आपल्याकडं कायले येईन?"

पण दिवाळीआधी मायनं
त्याच भट्टीचा चुना पिंपात विझवला होता,
खदखदला, वाफ आली, मांजर पळालं,
आणि दोन दिवसांनी कुंच्यानं भिंतीला दिला.
एका खोलीत आम्ही सहा जण झोपतो,
रात्रभर श्वास सोडतो, भिंत घेते.

तेव्हा पाठ टेकली की
गणवेशावर पांढरं उतरायचं, माय ओरडायची.
आता होळी आली.
आज मुद्दाम टेकले, घासून पाहिलं.
थोडंसंच उतरलं,
तेही दाराजवळ, कोपऱ्यात.