गिरणीची धोंड

कोपरखैरण्यात, मढवींच्या पिठाच्या गिरणीवर
आमचा बालवर्ग भरतो.
सहा मुलं, एक चटई,
आणि पायाखाली सतत थरथरणारी फरशी.

शुक्रवारचं मी हळू आवाजात सांगणार होते.
खिळे वगळून, किंवा एकच खिळा सांगून.
पण खाली कुणाचं तरी वीस किलो दळण पडलं,
मी आवाज चढवत चढवत गेले,
आणि "येशू मेला!" म्हणायला
नेमका गिरणीचा पट्टा थांबला.
अख्ख्या गल्लीला कळलं.
खालून मढवीकाका: "कोण गेलं हो बाई?"

तबिथा रडायला लागली.
तिला म्हटलं, थांब, रविवार यायचाय.
"पण आज तर शनिवारच आहे."
खरंच होतं. शनिवारचं
माझ्या पुस्तकात चित्रच नव्हतं.

मग सगळ्यांना जिना उतरवून खाली नेलं.
मागच्या भिंतीला टेकलेला
गिरणीतून काढलेला जुना दगड,
टाकी लावायच्याही पलीकडे झिजलेला.
म्हटलं, अशी होती धोंड. हिच्याहून मोठी.
सहाही जणांनी जोर लावला.
तोंडं लाल, तळवे पांढरे,
धोंड जागची हलली नाही.
"मग कुणी लोटली?"
"देवदूताने."
"एकट्याने?" काकांनी कमरेवर हात ठेवला,
"मला तर हिनेच हर्निया दिला."

अंडी मी आदल्या रात्री रंगवली होती,
तुर्भ्याच्या बाजारातल्या कांद्यांच्या सालीत उकळून:
विटकरी, तांबूस, एक चुकून काळपट.
अंडं म्हणजे नवं जीवन, मी म्हणाले.
योनाने कानाशी धरून हलवलं.
"टीचर, हे उकडलंय. आता पिल्लू कसं येणार?"
पाळकसाहेब असते तर काहीतरी बोलले असते.
मी मीठ पुढे केलं.

सगळ्यांनी धोंडेवर टिचवून खाल्ली.
आशेरने नाही.
त्याच्या आजोबांना फेब्रुवारीत मातीत ठेवलं.
तेव्हापासून त्यांचा चष्मा
त्याच्या दप्तरात असतो, डब्याच्या कप्प्यात.
तो विचारेल म्हणून मी सकाळपासून तयार होते.
उत्तर नव्हतं, पण तयार होते.
त्याने विचारलंच नाही.
काळपट अंडं धोंडेमागच्या फटीत ठेवलं,
हात चड्डीला पुसले
आणि बोटांवर मोजलं: आज, उद्या, परवा.

सोमवारी काकांचा फोन.
"बाई, ते अंडं नाही जागेवर.
मांजर म्हणावं, तर टरफल नाही कुठे.
पोरगं शाळा सुटल्यावर बघायला येणाराय.
काय सांगू त्याला?"

फोनमधून पट्ट्याचा आवाज येत होता,
कुणाचे तरी गहू पडत होते.
"काही सांगू नका," मी म्हणाले,
"त्यालाच वाकून बघू दे."
आणि चपला न शोधता, बाथरूमच्या स्लिपरवरच
रिक्षा बघायला धावले.