मोजणाऱ्याला कळलं का

रायबंदरहून चोडणची फेरी सुटते तेव्हा
मांडीवर माझी पिशवी : स्टॉपवॉच, लांब टेप,
दोन नारिंगी शंकू, कोनमापक,
आणि सहाव्या महिन्याचा फॉर्म, कोरा, सतरा पानी.
शेजारच्या बाईच्या टोपलीत कुर्ल्या,
सुतळीने आवळलेल्या, तरी एखादा पाय
हवेत काहीतरी चाचपतोय.
सवयीने मी त्याचा कोन बघते.

आज क्रमांक तेवीस.
बेनितो कुलासो, वय एक्कावन्न, पाडेली.
माडावरून सुटला तो उभाच आला खाली,
दोन्ही टाचा एकदम टेकल्या
आणि बिस्किटासारख्या चुरल्या.
किती उंचीवरून, ते फॉर्मला मीटरमध्ये हवं होतं.
तो म्हणाला होता, "चुडतां हाताक लागतात, थंयसून."
मी नऊ लिहिलं.

आमचं संशोधन तसं साधं.
बंद पाकिटातून चिठ्ठी निघते.
काहींना हलती फळी, समोर पडदा,
आठवड्यातून तीनदा बांबोळीची खेप;
उरलेल्यांना नेहमीचा कागद, बारा चित्रांचा.
कुणाच्या वाट्याला काय, ते मला कळता कामा नये.
मोजणारी आंधळी हवी, असं आमच्यात म्हणतात,
आणि सहा महिने मी जपून आंधळी आहे :
भिंतीवर काय टाचलंय ते बघत नाही,
"काय करता दिवसभर?" असं विचारत नाही.

कपेलाच्या पायरीपासून बंद पडलेल्या पसऱ्यापर्यंत तीस मीटर.
सहा मिनिटं.
दर मिनिटाला एकच ठरलेलं वाक्य बोलायची मुभा :
छान चाललंय, अजून चार मिनिटं.
छान चाललंय, अजून तीन.
मासेवाल्याचा भोंगा आला, थांबला, त्याला वाट देऊन गेला.
तीनशे बारा मीटर.
मागच्या खेपेला दोनशे चौसष्ट.

मग तो पायरीवर टेकला, घाम पुसला,
आणि अगदी सहज विचारलं,
"ते दुसरे, फळयेवाले, ते कितले चलतात गो?"

झालं. सहा महिन्यांची पट्टी
एका शब्दात सुटली. दुसरे.
मी टेप गुंडाळायला लागले,
आधीच गुंडाळलेली.

त्याला वाटलं, मला वाईट वाटलं.
म्हणाला, रागाने नाही विचारत.
तीस वर्षं मी वर, आलेशु खाली.
मी टाकायचो, तो मोजायचा.
भाटकाराशी हिशेब त्याच्या तोंडून,
मी किती पाडले ते मलासुद्धा त्याच्याकडूनच कळायचं.
वर बघून बघून मान दुखते का,
कधी विचारलं नाही त्याला. आता तो नाही.
"कोणें तरी सकयल रावून नाल्ल मेजूंक जाय न्हय?"

एर्मेलिंद आतून ओरडली, कागद भिजला परवा,
सहावं चित्र गेलं, नवा द्याल का?
सहावं म्हणजे टाचा उचलणं.
नाहीतरी ते तो कागदाप्रमाणे करतच नाही, ती म्हणाली,
खुर्ची धरायची तर माड धरतो.

मागे गेलो. माडावर खाचा चढत गेलेल्या,
पहिली गुडघ्याच्या उंचीवर, कडा झिजून गुळगुळीत.
त्याने डावा पाय तीत ठेवला,
बुंध्याला मिठी मारली, उजवा उचलला.
जमिनीपासून वीत-दोन वीत.
वर बघितलं नाही. कपाळ झाडाला टेकवून
नुसता उभा राहिला.
हे कुठल्याच चित्रात नाही.
माझा अंगठा आपोआप घड्याळावर.

सतराव्या पानावर शेवटचा प्रश्न :
मोजणाऱ्याला गट कळला का? होय / नाही.
नाही लिहिलं असतं तर कोणी विचारायला आलं नसतं.
होय वर खूण केली, खाली तारीख, सही.
आता तेवीसचे आकडे वेगळ्या रकान्यात जातील,
तळटीप लावून.

फेरीवर पिशवी उघडली, पेन ठेवायला.
घड्याळ बंदच केलं नव्हतं.
एक्केचाळीस मिनिटं, काही सेकंद,
आणि अजून चालू.