न जाणारं टोक

घोडपदेवला, तिसऱ्या मजल्यावर, रात्री सव्वादोनला
मी एक ओळ लिहिली:
तक्ता एका पानात मावलाच पाहिजे.
नाही मावला, तर पुढे काही बांधूच नका.

तक्ता पत्त्यांचा. पाचशे बारा घरं,
प्रत्येक घर आठ बाइटांचं,
गुणाकार करा, बरोब्बर चार हजार शहाण्णव,
एक पान. काठ उरत नाही, शिवण उसवत नाही.
जुन्या बत्तीस-बिटी मंडळींकडे घरं दुप्पट, रुंदी निम्मी,
कुणाचं पानच सोळापट, ऐसपैस.
प्रोग्राम एक, प्रोसेसरच्या जाती सहा,
आणि पत्ता विचारायची रीत ज्याची त्याची.

एक घर जास्त झालं तर काय होतं, ते मी पाहिलंय.
शेजारच्या पानात पाय पडतो.
लगेच कुणी ओरडत नाही.
तीन आठवड्यांनी परळच्या एका लॅबमध्ये
एका बाईच्या रिपोर्टवर
दुसऱ्याच बाईची साखर छापून येते.

म्हणून ही ओळ.

पाच जाती बिनबोभाट पार.
सहावी अडून बसली.
चूक आहे असं म्हणेना.
म्हणे, माझी घरं किती, ते आत्ता कुणालाच माहीत नाही,
मला जाग येईल, समोर कसली मेमरी आहे ते बघेन,
मग ठरवीन.
ज्याचा आकडाच जन्मानंतर ठरतो
त्याचं माप आधी कसं घ्यायचं?
पहाटे चारला मला हे तत्त्वज्ञान नको होतं.
मी तिच्यापुरती ओळ खोडायला घेतली.

पाण्याला उठलेले चेऊलकर काका दारातून म्हणाले,
झोपली नाहीस?
गोदीत एकतीस वर्षं फिटर.
मी सांगितलं, जेवढं सांगता आलं तेवढं.
ते आत गेले, तेलकट फडक्यात गुंडाळलेला
पोलादी गेज घेऊन आले.
हे टोक भोकात गेलं पाहिजे. हे नाही गेलं पाहिजे.
दोन्ही गेली, भोक मोठं. एकही नाही, लहान.
मधे बोलायला जागा नाही.

मग तुमचं कधी अडलं नाही?

अडायचं की.
डेकची प्लेट सकाळी एक असते, दुपारी बाराला दुसरीच.
लोखंड ऊन पितं.
तिथलं भोक शॉपात पाडायचं नाही.
जास्तीत जास्त किती होईल, तेवढं शॉपात बघून ठेवायचं.
बाकी जागेवर.

आणि जागेवर चुकलं तर?

मग आम्ही तिथंच उभे असायचो ना.

बादली भरून वाहायला लागली, ते पळाले.

मी एकीच्या दोन ओळी केल्या.
एक बांधताना: तुझा मोठ्यात मोठा आकार मावतो का, एवढंच.
दुसरी, यंत्राला जाग आल्या आल्या:
आता स्वतःला मोज,
आणि बसत नसशील तर इथंच थांब,
कुणाच्याही पानाला हात लावायच्या आधी.
दोन्हींच्या वर शेरा टाकला: जागेवर बघावे.
चेन्नईहून तमिळसेल्वी विचारतेय, हे जागेवर म्हणजे काय.
उत्तर अजून दिलेलं नाही.

सहा वाजता सहाही जाती पार.
पहिल्या ओळीचा एक बाइटही
तयार प्रोग्रामात उरत नाही;
मी उघडून शोधलं, मागमूस नाही.
काकांनी तपासलेला ड्रेजर कुठं गाळ उपसत असेल,
की केव्हाच तुटून भंगारात गेला असेल,
त्यांनाही ठाऊक नाही.
गेज मात्र माझ्या टेबलावर राहिला.
खिडकीच्या ग्रिलला एक भोक आहे,
त्यातला स्क्रू कधीच पडलाय.
सहज घालून बघितला.

दोन्ही टोकं गेली.