तेविसावी पायरी

चिठ्ठी निघाली अस्नाकेचच्या नावाची.
तेरा वर्षं बँकेत भरलेले बिर्र,
दुकानातल्या टीव्हीवर सरकत गेलेली यादी,
आणि शेजारच्या वुडनेशनं पत्र्याच्या भिंतीवर
अशी थाप मारली
की खिळ्यावरची गाळणी खाली आली.

अदिस अबाबाच्या टोकाला,
काल-परवापर्यंत जिथे तेफ डोलत होतं,
ब्लॉक एकशे चौदा. चौथा मजला.
लिफ्ट नाही.
तळमजला दुकानांचा, तो लिलावात गेला.

जिना मी काढलेला.
म्हणजे, पडद्यावर.
सतरा सेंटिमीटर उंची, मजल्याला अठरा पायऱ्या.
एकदाच काढला, मग दोनशे इमारतींत चिकटवला.
सुरुवातीला दाराशी एक तिरकी रेघ होती,
उताराची.
खर्चाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, ही कशाला?
एका टिचकीत गेली.
रेघच ती.

अस्नाकेचचे पाय लहानपणच्या तापानं नेले.
ती हातांवर चालते,
तळव्यांना टायरच्या चपला बांधून.
घर लावायच्या दिवशी चौघे पुढे झाले तिला उचलायला,
तर म्हणाली, चौघांची वेळ अजून आलेली नाही.
आणि चढली. बहात्तर.

पाणी तिसऱ्या मजल्यावर दमतं.
म्हणून तिनं बाल्कनीला कप्पी टांगली.
आता तिच्या दोरानं वर येतात
सगळ्यांचे पिवळे कॅन, कांद्याची पोती,
एकदा तर समोरच्या बाळंतिणीचा पाळणा, रिकामा,
वाऱ्यानं गोल गोल फिरत.
नकाशात कप्पी नव्हती.

मी गेलो होतो तपासणीची वही घेऊन.
गळती? भेगा? दारं नीट लागतात?
तिनं कॉफी भाजायला घेतली.
दुसऱ्या कपाला विचारलं, जिना कुणाचा?
मी कपात पाहिलं.
"तेविसावी उंच आहे," ती म्हणाली.
"करंगळीभर."
कागदावर सगळ्या सारख्याच आहेत, मी म्हणालो.
"मी कागद चढत नाही."

तिसरा कप आशीर्वादाचा असतो,
त्याच्याआधी उठू नये म्हणतात.
बसलो.
कोळसे राखेत गेले तरी ती काही बोलली नाही,
आशीर्वादही नाही.

उतरताना टेप लावला.
एकोणीस.
बूट घालून मी तिथून कितीदा गेलोय,
फोनवर बोलत,
आणि माझ्या गुडघ्यानं कधी चकार शब्द काढला नाही.

घरी आल्यावर जमिनीवर बसून पाहिलं.
तळवे टेकले. एक पायरी. दुसरी.
बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, काय हरवलं?

नव्या ब्लॉकांच्या दाराशी
ती रेघ पुन्हा काढली आहे.
बारा पावलांना एक पाऊल चढ, वळणावर टेकायला जागा.
बैठक गुरुवारी.
कुणीतरी विचारेलच, ही कशाला?
उजवा हात खिशात घालून
बसायचं ठरवलंय.